‘वीरधवल’चे कर्ते नाथमाधव

नाथमाधव यांचे पूर्ण नाव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२, मुंबई. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात ते नोकरीला होते आणि शिकारीचा त्यांना नाद होता. ऐन तारुण्यात शिकारीसाठी सिंहगडावर गेले असता ते कड्यावरून कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले.

अंथरुणाला खिळलेल्या या तरुणाने पुस्तकांचा आधार घेतला. आधी भरपूर वाचले, मग लिहायला घेतले. ‘प्रेमवेडा’ ही पहिली कादंबरी १९०८ साली आली आणि १९१३ साली ‘वीरधवल’.

मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची वाट १८६१ मध्ये हळब्यांच्या ‘मुक्तामाले’ने पाडली होती. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरी घरातल्या सुखदुःखांकडे वळवली आणि राजपुत्र व कपटकारस्थाने जुनाट वाटू लागली. नाथमाधवांनी तोच बाज पुन्हा उचलला आणि वाचकांनी ‘वीरधवल’ डोक्यावर घेतली. ‘डॉक्टर’सारखी सामाजिक कादंबरी आणि शिवकालावरील ‘स्वराज्य’ मालाही त्यांनी लिहिली. २१ जून १९२८ रोजी, अवघ्या ४६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

लहानपणी ‘वीरधवल’ने झपाटलेल्या वाचकाला ती आज रुचेल का? खरे सांगायचे तर काही गोष्टी खटकतील. भाषा पल्लेदार आहे, सज्जन अगदी सज्जन आणि दुष्ट अगदी दुष्ट आहेत, योगायोगही फार. पण ज्याला स्वतःला पाऊल उचलता येत नव्हते, त्याने नायकाला इतके धावायला, झुंजायला आणि संकटांतून सुटायला लावले, हे कळल्यावर तीच पाने निराळी वाटतात. मुलांना त्यात साहस दिसते. आजारपण, ताटातूट, हताशपणा पाहिलेल्या माणसाला त्यामागची जिद्दही दिसते. अद्भुताची गरज मोठेपणी उलट वाढते, असेच हे पुस्तक सांगते.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना ही मराठी जड जाईल. म्हणून सुट्टीत रोज रात्री एक प्रकरण त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. त्या निमित्ताने आपलेही वाचन होईल.