विष्णुदासांचे राक्षस

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतात, सांगलीला विष्णुदास भावे यांच्या नावाचे गौरवपदक एखाद्या ज्येष्ठ कलावंताला दिले जाते. विष्णुदासांविषयी आपण शाळेत शिकलो ते एका ओळीचे : मराठी नाटकाचे जनक, ‘सीतास्वयंवर’, सन १८४३. त्यापुढे कोणी सहसा जात नाही. मला मात्र हा माणूस त्याच्या देवांपेक्षा त्याच्या राक्षसांमुळे अधिक जवळचा वाटतो. आपल्या घरातल्या मुलांना वाईट माणूस कसा ओळखायचा हे कसे शिकवावे, या प्रश्नाशी त्या राक्षसांचा फार जवळचा संबंध आहे.

विष्णू अमृत भावे यांचे वडील सांगली संस्थानच्या चाकरीत. मुलाचे चित्त मात्र पाटी-पुस्तकात नव्हते. तो लाकडाच्या बाहुल्या कोरीत बसे. त्या बाहुल्यांकडूनच रामायणातली आख्याने करवून घ्यावीत असा त्याचा बेत होता. घरच्यांना हा रिकामटेकडा उद्योग वाटला असेल तर नवल नाही. त्यातल्या काही बाहुल्या मात्र काळाच्या तडाख्यातून वाचल्या आणि शंभराहून अधिक वर्षांनी रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या.

१८४२च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत आली आणि तिने यक्षगानाचे खेळ केले. संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांना वाटले, असेच पण अधिक नीटनेटके काही आपल्या भाषेत व्हावे. काम सोपवले ते या बाहुल्यावाल्या तरुणावर. तंजावरच्या भोसले राजांनी मराठी नाटके त्याआधीच लिहिली होती, पण ती इकडे कुणाला ठाऊक नव्हती. विष्णुदासांना सगळेच नव्याने उभे करायचे होते : पदे, चाली, सोंगे, मुकुट, आणि मुख्य म्हणजे माणसे. बऱ्या घरातल्या मुलांनी तोंडाला रंग लावायचा, लुगडे नेसायचे, म्हणजे पंक्तीतून उठवले जाण्याचे भय. राजाचा आधार होता म्हणूनच ते भय मागे सरले आणि ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले.

हे नाटक आजच्यासारखे पाठ केलेले नव्हते. त्याला लिखित संवादच नव्हते. सूत्रधार टाळ-मृदंगाच्या साथीवर पदे म्हणून कथा पुढे नेई, आणि ज्याचा प्रसंग असेल त्याने पदाचा आशय धरून आपल्या मनची भाषणे करायची. आधी विदूषक, मग गणपती, मग मोरावर बसलेली सरस्वती आणि मग आख्यान, असा क्रम ठरलेला. पात्रांच्या बाजूही ठरलेल्या. पुढे नाटक मंडळ्यांत देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी अशा वाटण्याच पडल्या. देवाने धीरगंभीर बोलायचे, राक्षसाने आरडाओरडा करीत, तलवार फिरवीत यायचे. राळेचा भपका उडाला की मांडवातल्या पोराटोरांनाही कळे, आता दुष्ट येतो आहे. राक्षस प्रवेशालाच राक्षस असे. त्याला ते सिद्ध करावे लागत नसे.

आमच्या मनीषनगरातल्या घरी माझा नातू मित्रांबरोबर एक खेळ खेळतो. त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो १९७४ साली अमेरिकेत निघाला. तिथेही एक सूत्रधार असतो, तो कथा सांगतो, आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडी मनची भाषणे करतात. मला एकदम विष्णुदास आठवले. या खेळात प्रत्येक पात्राची वृत्ती आधी कागदावर लिहायची असते. सज्जन की दुर्जन, ही एक मोजणी. नियमाने चालणारा की नियम झुगारणारा, ही दुसरी. दोन्हींत मधला मार्गही आहे, त्यामुळे एकूण नऊ खाने होतात. आणि गंमत अशी की २०२०मध्ये हा खेळ काढणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले की एखादी जातच्या जात जन्मतः दुष्ट दाखवण्याची जुनी रीत आम्ही बदलणार. म्हणजे तिकडच्या राक्षसपार्टीचा प्रश्न आत्ता ऐरणीवर आला. आपल्याकडे तो सांगलीतच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाताळला गेला होता.

पण त्याआधी विष्णुदासांचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. १८५१ साली अप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. मी आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली पाहिल्या, त्यामुळे अशा वेळची परिस्थिती मला चटकन दिसते. एकाच खातेदाराच्या भरवशावर उभा केलेला धंदा, जमेला मुकुट आणि पोशाख, आणि खर्चाला जेवणारी तोंडे. विष्णुदासांनी मंडळी बरखास्त केली नाही. ती घेऊन ते गावोगाव फिरले, १८५३ साली मुंबईत पोचले आणि ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. ‘राजा गोपीचंद’ तर हिंदुस्थानी भाषेत केला. राजाच्या मर्जीवर चालणारी कला त्यांनी प्रेक्षकाच्या खिशावर उभी केली. हे त्यांचे दुसरे मोठे काम, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला ते या व्यवसायातून बाजूला झाले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे ते जगले, आणि त्या चाळीस वर्षांत त्यांचे नाटक जुने झाले. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले. शिकलेले लोक जुन्या खेळांना अललडुर्र नाटके म्हणून हसू लागले. राक्षसांच्या आरोळीवरून पडलेले हे नाव. १८८५ साली विष्णुदासांनी आपली पदे ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली. हसणाऱ्यांना त्यांनी दिलेले उत्तर मी एवढेच मानतो.

राक्षस मात्र मेला नाही. त्याने वेष बदलला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. त्यात राक्षस आहे तो पैसेवाला म्हातारा नवरदेव, आणि त्याहून भयंकर म्हणजे मुलगी विकायला निघालेला बाप. दोघेही आपल्या गल्लीत राहणारे. मग सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आले. १९०७च्या ‘कीचकवधा’त त्यांनी महाभारत तेच ठेवले, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. नाव कुठेही नव्हते, तरी सरकारला ते वाचता आले आणि १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. खरी मौज तर सज्जनांच्या बाजूची. युधिष्ठिर मर्यादा सोडायला तयार नाही, भीम थांबायला तयार नाही. दोघेही चांगले, आणि तरी भांडण. माझ्या नातवाच्या कागदावरची दुसरी मोजणी ती हीच.

आम्हा नागपूरकरांना हे समजावून सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळी आणि पिवळी मारबत निघते. मारबती त्याच असतात, पण त्यांच्याबरोबरचे बडगे दरवर्षी नवे. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी रोगराई. परंपरा सांभाळायची, आणि यंदाचे पाप कोणते हे मात्र यंदाच ठरवायचे. याहून शहाणी रीत मला ठाऊक नाही.

हल्ली राक्षसाचीही बाजू समजून घ्या असे सांगणाऱ्या गोष्टींची चलती आहे. समजून घ्यावी, जरूर घ्यावी. कर्जदार फसवणारा निघाला तर त्याच्या कपाळावर शिंगे कधीच नसत, उलट कपडे फार चांगले असत, हे मी नोकरीत पाहिले आहे. पण ज्या मुलाने राळेच्या उजेडातला राक्षस पाहून एकदाही आईचा पदर धरला नाही, त्याला पुढे चांगल्या कपड्यातला राक्षस ओळखता येईल का, याची मला शंका आहे. आधी विष्णुदास, मग देवल आणि खाडिलकर, हाच क्रम घरातही बरा. पाचव्या वर्षी रावण दहा तोंडांचा असावा. पंधराव्या वर्षी त्याची विद्वत्ताही सांगावी, आणि एवढा विद्वान सीतेला का पळवतो, हे मुलालाच विचारावे.

विष्णुदास १९०१ साली गेले. ‘शारदा’ तोवर गाजत होते, ‘कीचकवध’ यायला सहा वर्षे होती. मधल्या पिढ्यांनी त्यांचे राक्षस हसून बाजूला सारले, पण वाईटाला रंगमंचावर, सगळ्यांच्या देखत, उजेडात उभे करायचे ही सवय मराठी माणसाला त्यांनी लावली. पुढच्यांनी फक्त त्याचा मुखवटा उतरवला. उतरवायला आधी तो कुणीतरी कोरून ठेवावा लागतो, आणि ते काम सांगलीच्या त्या बाहुल्यावाल्या मुलाने केले होते.