स्वरांना नावे देणारा पंडित : कै. विष्णु नारायण भातखंडे

प्रतिवर्षी या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा आम्ही कै. पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो. पंडितजी पेणचे नव्हेत की रोह्याचे नव्हेत. तथापि आपल्या या दोन्ही गावी जी मुले पेटी वा गायन शिकतात, त्यांच्या वह्या उघडून पाहाव्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब व तार स्वरावर टिंब, या खुणा पुष्कळ वह्यांत आढळतील. त्या खुणा पंडितजींच्या लिपीतील होत. तेव्हा ज्यांचे देणे घरोघर पोचले आहे, त्यांचे स्मरण आपण करावे हे उचितच होय.

पंडितजींचा जन्म दिनांक १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घरची स्थिती बेताची; पण गाण्याची आवड घरातच होती. महाविद्यालयीन शिक्षण चालू असता त्यांनी वल्लभदास दामुलजी यांजकडे सतारीचा अभ्यास केला. १८८४ च्या सुमारास ते पारशी मंडळींनी चालविलेल्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त जाऊ लागले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांजकडून त्यांना सुमारे तीनशे ध्रुपदे मिळाली. १८८५ साली ते बी. ए. व १८८७ साली एलएल. बी. झाले आणि त्यांनी वकिली आरंभिली. पुढे पत्नी व एकुलती कन्या यांचा वियोग झाला. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि उरलेले आयुष्य संगीतास वाहिले.

त्या काळी गाण्याची विद्या कशी दिली जाई, हे लक्षात घेतल्यावाचून पंडितजींचे कार्य समजणार नाही. गुरूने चीज म्हणावी व शिष्याने ती शेकडो वेळा घोकावी. गळा तयार होई, कानही तयार होई. परंतु अमुक जागी लागलेला स्वर कोमल धैवत आहे की कोमल निषाद, हे विचारले असता पुष्कळांस उत्तर देता येत नसे. आपल्याकडील भजनाचा अनुभवही असाच आहे. अभंग बिनचूक म्हणणाऱ्या मुलास त्यातील पहिला स्वर कोणता हे विचारावे, म्हणजे तो पेटीवर बोट फिरवून शोधू लागतो. स्वर त्याच्या कानात असतो. त्याचे नाव तेवढे ठाऊक नसते. आणि ज्याला नाव नाही ते दुसऱ्यास सांगता येत नाही. गुरूबरोबर विद्याही जाते. पंडितजींना हीच हानी डाचत होती.

म्हणून १९०४ मध्ये दक्षिणेचा, १९०७ मध्ये पूर्वेकडचा व १९०८ मध्ये उत्तर हिंदुस्थानचा प्रवास त्यांनी केला. गवयांकडे ते जिज्ञासू म्हणून जात, पोथ्या पाहत, चिजा ऐकत व स्वर ओळखून टिपून घेत. जयपूरचे महंमद अली खाँ यांच्या घराण्यातील चिजा त्यांना आशक अली व अहमद अली या पुत्रांकडून मिळाल्या. रामपूर दरबारचे वजीर खाँ यांचे शिष्यत्वही त्यांनी पत्करले. पदवीधर वकिलाने प्रौढ वयात शिष्य म्हणून बसावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

या श्रमांतून १९०९ साली ‘चतुर पंडित’ या नावाने ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ निघाला. नंतर मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग व ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग झाले. शेकडो राग दहा थाटांत मांडले गेले. क्रमिक पुस्तकांत प्रत्येक रागाच्या बंदिशींबरोबर सरगम दिलेली आहे, हे वाचकांनी विशेष ध्यानी घ्यावे. शब्दांच्या जागी स्वरांची नावेच गायल्याने कान व नाव यांची गाठ पडते. स्वर ओळखण्याचा याहून सुलभ अभ्यास आम्हांस ठाऊक नाही.

या अभ्यासाचे मूळ अंतरांत आहे. अहोबलाने ‘संगीत पारिजाता’त तारेच्या लांबीवरून स्वर सांगितले आहेत, पंडितजींनी तोच विषय छत्तीस इंच तारेवर विशद केला. पूर्ण तारेवर षड्ज धरला, तर सत्तावीस इंचांवर मध्यम, चोवीस इंचांवर पंचम व अठरा इंचांवर तार षड्ज येतो. षड्जावरून पंचमाचे अंतर कानात ठसले की तेच अंतर रिषभावरून धैवतास व गंधारावरून निषादास शोधता येते. षड्ज-मध्यमाचे अंतर पंचमावरून तार षड्जास जाताना पुन्हा भेटते. तंबोरा नीट लागला असेल, तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. पेटीचा शुद्ध गंधार त्याहून किंचित चढा असतो. हा भेद ज्यास कळू लागला, त्याचा कान उघडला म्हणावे.

अशा सूक्ष्म भेदांवरूनच १९१६ साली बडोद्यास मोठा वाद झाला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व क्लेमेंट्स साहेब यांनी तेथे बावीस श्रुतींची पेटी पुढे केली. जमलेल्या गवयांच्या कानास ती पटली नाही. व्यवहारात बारा स्वर धरून चालावे, हे पंडितजींचे मत होते.

पंडितजींवर आक्षेपही पुष्कळ घेण्यात आले. पुस्तकाने गवई होत नाही, हा त्यांपैकी मुख्य. आणि तो अगदीच खोटा नव्हे. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार एका आडव्या रेघेत मावत नाही. तो गुरूपुढे बसूनच कानात उतरतो. परंतु आमच्या मते लिपीचे काम गुरूस दूर सारण्याचे नाही. ज्याच्या गावी घराणे नाही, दरबार नाही, त्यास गुरूच्या दारापर्यंत पोचविण्याचे ते काम आहे. पेण-रोह्यासारख्या गावांस याचे मोल अधिक कळावे.

१९१८ साली ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय व १९२६ साली लखनौचे मॅरिस कॉलेज पंडितजींच्या प्रयत्नांनी उभे राहिले. लखनौची ती संस्था पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली व आज तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी तेथे अनेक वर्षे विद्यादान केले.

अखेरची काही वर्षे पंडितजी अंथरुणास खिळून होते. दिनांक १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीस, त्यांनी देह ठेवला. पेणच्या मूर्ती ज्या दिवशी घरोघर मखरात बसतात, त्याच तिथीस हा स्वरोपासक गेला. त्या दिवशी आरतीस पेटीचा सूर धरला जाईल, तेव्हा घरातील मुलास जवळ बसवून तो सूर कोणता, हे एकदा विचारावे. त्यास सांगता आले नाही, तर आपण सांगावे. आणि आपणांसही आले नाही, तर दोघांनी मिळून शोधावे. पंडितजींस याहून योग्य श्रद्धांजली ती कोणती?