मॉरिस स्टोक्स : तीन हंगामांचे कर्तृत्व

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या सुरुवातीच्या दशकांचा विषय निघाला की काही नावे हमखास घेतली जातात. जॉर्ज मायकन, बॉब कूझी, बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन ही त्यांतली ठळक. यांतला कोणी मैदानाच्या मध्यभागी ठाण मांडणारा उंचापुरा सेंटर होता, तर कोणी चेंडू खेळवणारा चपळ गार्ड. बास्केटखालच्या धक्काबुक्कीत उभे राहून नेम चुकलेला, कड्यावर आपटून परतणारा चेंडू हस्तगत करणारा धिप्पाड फॉरवर्ड मात्र बहुतेकदा या चर्चेच्या कडेला राहतो. या जागेला पुढे ‘पॉवर फॉरवर्ड’ असे नाव मिळाले. ते रूढ होण्यापूर्वीच ही जागा गाजवणारे चार खेळाडू होते : मिनियापोलिस लेकर्सचा व्हर्न मिकल्सन, सिरॅक्यूज नॅशनल्सचा डॉल्फ शेज, सेंट लुईस हॉक्सचा बॉब पेटिट आणि रोचेस्टर, नंतर सिनसिनाटी रॉयल्सचा मॉरिस स्टोक्स. पहिल्या तिघांना प्रदीर्घ कारकीर्द लाभली. स्टोक्सच्या वाट्याला अवघे तीन हंगाम आले. आज त्याचे नाव निघते ते बहुधा त्याच्या दुर्दैवामुळे आणि एका मित्राच्या निष्ठेमुळे. खेळाडू म्हणून त्याची योग्यता काय होती, हा प्रश्न त्या करुण कहाणीआड झाकला गेला आहे.

मॉरिस स्टोक्सचा जन्म १७ जून १९३३ रोजी पेनसिल्व्हानिया राज्यातील रँकिन या पोलादाच्या गावात झाला. वडील पोलाद कारखान्यात कामगार होते आणि आई इतरांच्या घरी घरकाम करी. मॉरिस आठ वर्षांचा असताना हे कृष्णवर्णीय कुटुंब जवळच्याच पिट्सबर्ग शहरातील होमवूड भागात राहायला आले. वेस्टिंगहाऊस हायस्कूलच्या संघात सुरुवातीची दोन वर्षे त्याला पहिल्या पाच जणांत स्थान नव्हते. पुढे मात्र १९५० आणि १९५१ अशी सलग दोन वर्षे त्या शाळेने शहराचे विजेतेपद मिळवले आणि त्या यशात स्टोक्सचा वाटा मोठा होता.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी तो लोरेटो येथील सेंट फ्रान्सिस या लहानशा कॅथलिक महाविद्यालयात गेला. डोंगराळ भागातल्या या संस्थेचे नाव बास्केटबॉलच्या जगात फारसे कोणाला ठाऊक नव्हते. स्टोक्सच्या चार वर्षांनी ते चित्र पालटले. १९५५ साली सेंट फ्रान्सिसने न्यूयॉर्कमधील एनआयटी या त्या काळी अत्यंत प्रतिष्ठेच्या स्पर्धेत चौथा क्रमांक पटकावला. चौथ्या क्रमांकाच्या संघातील असूनही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान स्टोक्सला देण्यात आला.

त्याच वर्षी एनबीएच्या खेळाडू निवडीत रोचेस्टर रॉयल्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. एनबीएची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना खुली होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि अशा खेळाडूंची संख्या अजून अगदी तुरळक होती. त्याच निवडीतून रॉयल्समध्ये आणखी एक तरुण दाखल झाला. तो जॅक ट्वायमन. तोही पिट्सबर्गचाच, परंतु गौरवर्णीय. शालेय वयात हे दोघे आपल्या शहरातल्या मैदानांवर एकमेकांविरुद्ध खेळलेले होते. पुढे आपली नावे कायमची जोडली जातील याची त्या वेळी दोघांनाही कल्पना नव्हती.

न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या पहिल्याच व्यावसायिक सामन्यात स्टोक्सने ३२ गुण केले, २० रिबाऊंड घेतले आणि आठ वेळा सहकाऱ्याला अचूक पास देऊन बास्केट करवून दिली. ६ फूट ७ इंच उंचीचा आणि भक्कम बांध्याचा हा खेळाडू चेंडू हातात आला की स्वतःच तो खेळवत पुढे घेऊन जाई. त्या काळी धिप्पाड खेळाडूने रिबाऊंड घ्यावा आणि चेंडू निमूटपणे गार्डच्या हवाली करावा अशी रीत होती. स्टोक्सने ती मोडली. त्या हंगामात प्रतिसामना १६.८ गुण आणि १६.३ रिबाऊंड अशी त्याची सरासरी राहिली. रिबाऊंडची ही सरासरी लीगमध्ये सर्वाधिक होती. सिरॅक्यूजविरुद्धच्या एका सामन्यात तर त्याने ३८ रिबाऊंड घेतले. सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचा पुरस्कार अर्थातच त्याला मिळाला.

दुसऱ्या हंगामात त्याने एकूण १,२५६ रिबाऊंड घेऊन एका हंगामातील तोवरचा विक्रम मोडला. तिसऱ्या हंगामात रॉयल्सचा मुक्काम रोचेस्टरहून सिनसिनाटीला हलला. त्या वर्षी प्रतिसामना रिबाऊंडच्या सरासरीत रसेलच्या खालोखाल दुसरा आणि बास्केट करवून देणाऱ्या पासांच्या यादीत तिसरा क्रमांक स्टोक्सचा होता. तिन्ही वर्षी तो ऑल स्टार सामन्यात खेळला आणि तिन्ही वर्षी लीगच्या दुसऱ्या सर्वोत्तम संघात त्याची निवड झाली. १९५६ साली खेळाडू निवडीत पहिला क्रमांक हाती असूनही रॉयल्सने बिल रसेलला न घेता सिह्यूगो ग्रीनला घेतले. मालकांची पैशांची चणचण हे त्याचे एक कारण सांगितले जाते. रिबाऊंडसाठी स्टोक्स हाताशी आहे, हा हिशेबही त्यामागे होता असे मानले जाते.

समकालीनांशी तुलना केली की स्टोक्सचे वेगळेपण स्पष्ट होते. मिकल्सन मूळचा सेंटर. लेकर्सकडे मायकन असल्याने त्याला फॉरवर्डच्या जागी सरकावे लागले आणि या तडजोडीतूनच पॉवर फॉरवर्डची जागा घडली असे अनेक जाणकार मानतात. अंगझोंब करणारा, संघासाठी राबणारा हा खेळाडू चार विजेतेपदांचा भागीदार झाला. फाऊलची मर्यादा ओलांडून १२७ वेळा मैदानाबाहेर जाण्याचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे. ब्राँक्समध्ये वाढलेला शेज दुरून अचूक नेम साधणारा आणि दुखापतींना दाद न देणारा. तो सलग ७०६ सामने खेळला आणि १९५५ साली त्याने सिरॅक्यूजला अजिंक्यपद मिळवून दिले. पेटिट या चौघांतला सर्वाधिक यशस्वी. दोन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पेटिट २० हजार गुणांचा टप्पा ओलांडणारा पहिला खेळाडू होता.

गुण करण्यात स्टोक्स पेटिटच्या जवळपासही नव्हता. त्याच्या फटक्यांपैकी सुमारे ३५ टक्केच बास्केटमध्ये जात, म्हणजे लीगच्या तेव्हाच्या सरासरीहूनही थोडे कमी. परंतु बास्केट करवून देणाऱ्या पासांची प्रतिसामना सरासरी पेटिट आणि शेज यांची कारकिर्दीत तीनच्या आसपास राहिली, मिकल्सनची दोनच्या थोडी वर आणि स्टोक्सची ५.३. तो खेळला त्या तीन हंगामांत लीगमधल्या कोणत्याही खेळाडूपेक्षा जास्त, ३,४९२ रिबाऊंड त्याने घेतले. पेटिटचे याच काळातले ३,४१७ आहेत. पासांच्या एकूण संख्येत त्याच्या पुढे केवळ कूझी होता आणि कूझी हा त्या युगातला सर्वश्रेष्ठ गार्ड. रिबाऊंडमध्ये पहिला आणि पासमध्ये दुसरा, असा संगम त्या काळात दुसऱ्या कोणातही नव्हता. चेंडू खेळवू शकणारा धिप्पाड फॉरवर्ड ही पुढच्या पिढ्यांना परिचयाची झालेली प्रतिमा स्टोक्सने १९५५ सालीच साकारली होती.

१२ मार्च १९५८ रोजी मिनियापोलिस येथे साखळीतील अखेरचा सामना होता. बास्केटकडे झेपावताना धक्का लागून स्टोक्स कोसळला आणि त्याचे डोके लाकडी जमिनीवर आदळले. तो बेशुद्ध झाला. उग्र वासाचे क्षार हुंगवून त्याला शुद्धीवर आणण्यात आले आणि तो पुन्हा खेळायला उतरला. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला विश्रांती द्यावी, त्याची तपासणी करावी, असा नियम तेव्हा नव्हता. तीन दिवसांनी डेट्रॉईट येथे बाद फेरीच्या सामन्यात त्याने १२ गुण आणि १५ रिबाऊंड मिळवले. परतीच्या विमानात त्याची प्रकृती बिघडली, झटके आले आणि शुद्ध हरपली. सिनसिनाटीचा विमानतळ ओहायो नदीपलीकडे केंटकी राज्यात असल्याने त्याला तिथल्याच कव्हिंग्टनमधील रुग्णालयात नेण्यात आले. शुद्ध आली तेव्हा मेंदूच्या दुखापतीमुळे सर्वांग लुळे पडले होते. बुद्धी शाबूत होती, परंतु बोलता येत नव्हते, हालता येत नव्हते. वय २४ वर्षे.

बरोबर एका महिन्याने, १२ एप्रिल १९५८ रोजी, पेटिटने अंतिम लढतीच्या निर्णायक सामन्यात बोस्टनविरुद्ध ५० गुण करून हॉक्सला अजिंक्यपद मिळवून दिले. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन अव्वल खेळाडूंचे भाग्य एका वसंत ऋतूत असे दुभंगले.

उपचारांचा खर्च वर्षाला लाखभर डॉलरच्या घरात जाणारा होता. त्या काळी एनबीएच्या खेळाडूंना निवृत्तिवेतन नव्हते. इतक्या मोठ्या आजारपणाला पुरेल असे विम्याचे संरक्षण स्टोक्सला नव्हते आणि संघाच्या मालकांनीही हा भार उचलला नाही. त्याचे आईवडील पिट्सबर्गला होते. त्याच्या बँकेतील पैशांना हात लावायचा तरी कायदेशीर पालक आवश्यक होता. सिनसिनाटीत राहणाऱ्या २३ वर्षांच्या ट्वायमनने ती जबाबदारी स्वीकारली. स्टोक्सची दुखापत कामावर असताना झालेली आहे, हे मांडून त्याने ओहायो राज्याच्या कामगार नुकसानभरपाई योजनेतून मदत मिळवली. न्यूयॉर्क राज्यातील कॅटस्किल डोंगरातल्या कुचर्स या विश्रामस्थळी त्याने मदतीचा सामना भरवला. पुढे दर उन्हाळ्यात होणाऱ्या या सामन्यासाठी चेंबरलेनसारखे दिग्गजही येत. ट्वायमन वर्णमालेतील एकेक अक्षर उच्चारी आणि हवे ते अक्षर आले की स्टोक्स पापणी मिटे. अशा रीतीने एकेक शब्द जुळवत दोघांचा संवाद सुरू झाला.

हा भार खांद्यावर असतानाच ट्वायमनचा खेळही बहरला. १९५९-६० च्या हंगामात त्याने प्रतिसामना ३१.२ गुण केले. एका हंगामात तिसाहून अधिक सरासरी गाठणारे पहिले दोघे म्हणजे त्या वर्षीचे चेंबरलेन आणि ट्वायमन. स्टोक्सविना रॉयल्सची मात्र धूळधाण झाली. १९५८-५९ च्या हंगामात ७२ पैकी ५३ सामने त्यांनी गमावले.

वर्षानुवर्षांच्या खडतर उपचारांनी स्टोक्सच्या शरीरात थोडी हालचाल परतली. टंकयंत्रावर एकेक कळ दाबून तो आपले विचार लिहू लागला. १९६४ साली बोस्टनमधील ऑल स्टार सामन्यावर बहिष्काराचा इशारा देऊन खेळाडूंनी निवृत्तिवेतनाची मागणी मान्य करवून घेतली. खेळाडूंच्या प्रकृतीकडे पाहणारा प्रशिक्षित माणूस संघासोबत असावा, हीदेखील त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. स्टोक्सच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींची उणीव सर्वांनी पाहिली होती.

६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराने स्टोक्सचे निधन झाले. वय ३६. त्याच्याच इच्छेनुसार सेंट फ्रान्सिसच्या परिसरातील फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. १९७३ साली या मैत्रीवर ‘मॉरी’ हा चित्रपट निघाला. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पेटिट १९७१ साली, शेज १९७३ साली आणि मिकल्सन १९९५ साली दाखल झाला. स्टोक्सला २००४ पर्यंत थांबावे लागले. तो सन्मान त्याच्या वतीने ट्वायमननेच स्वीकारला. २०१२ साली ट्वायमनचे निधन झाल्यानंतर एनबीएने २०१३ साली दोघांच्या नावे सर्वोत्तम सहकाऱ्याचा पुरस्कार सुरू केला.

तो पुरस्कार मैत्रीचा आहे आणि तो उचितच आहे. खेळाच्या मोजमापात मात्र स्टोक्सची उपेक्षा संपलेली नाही. एनबीएने १९९६ साली पन्नास आणि २०२१ साली पंचाहत्तरीनिमित्त सर्वोत्तम खेळाडूंच्या याद्या जाहीर केल्या. दोन्हींत पेटिट आणि शेज आहेत, स्टोक्स एकीतही नाही. कारकिर्दीची लांबी हाच निकष धरला तर त्यात वावगे काही नाही. परंतु १९५५ ते १९५८ या तीन वर्षांत मैदानावर कोण काय करत होते एवढेच पाहिले, तर पेटिटच्या बरोबरीने ज्याचा विचार करावा लागतो असा फॉरवर्ड त्या काळी एकच होता. त्याला दुर्दैवी म्हणून आठवणाऱ्यांनी, तो दुर्दैवी ठरण्याआधी काय होता, हेही लक्षात ठेवायला हवे.