पडायला शिकवणारे हेडमास्तर

या स्मरणिकेत बहुतेक जण आपल्या शाळेतल्या सरांवर आणि बाईंवर लिहितील, आणि ते योग्यच आहे. मी मात्र ज्या हेडमास्तरांवर लिहिणार आहे ते आपल्या शाळेत कधी आले नाहीत, आणि आपल्यातले बहुतेक जण जन्मायच्या आधीच वारले. तरी आपल्यापैकी अनेकांनी आठवी-नववीच्या संध्याकाळी त्यांनी आखून दिलेल्या शिक्षणात घालवल्या आहेत. ज्युदोचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांचे नाव जिगोरो कानो. आयुष्यभर ते शिक्षक होते, म्हणून मी त्यांना कानो सर म्हणतो.

कानो सरांचा जन्म १८६० सालचा. जपानमध्ये कोबे शहराजवळ मिकागे नावाचे गाव होते, तिथले. घराणे साके, म्हणजे तांदळाचे मद्य, बनवणारे आणि खाऊनपिऊन सुखी. नऊ वर्षांचे असताना आई गेली आणि पुढे वडिलांनी त्यांना टोकियोला शिक्षणासाठी आणले. मुलगा अभ्यासात, विशेषतः इंग्रजीत, हुशार होता. पण अंगाने किरकोळ. मोठे झाल्यावरही त्यांची उंची जेमतेम सव्वापाच फुटांच्या आतच राहिली. निवासी शाळेत दांडगी मुले अशा मुलाचे काय करतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. मार खाऊन कंटाळलेल्या या मुलाने ठरवले, की लहान माणसाला मोठ्या माणसासमोर उभे राहता येईल अशी जुजुत्सू नावाची विद्या आहे म्हणतात, ती शिकायची.

ठरवणे सोपे होते, गुरू मिळणे अवघड. १८६८ नंतर जपान झपाट्याने बदलत होता. सामुराईंचा जमाना संपला होता, कमरेला तलवार लावून फिरायला १८७६ मध्ये बंदी आली होती आणि जुन्या विद्यांना आश्रयदाता उरला नव्हता. संस्थाने गेल्यावर आपल्याकडच्या मल्लांवर जी वेळ आली, तशीच ती होती. जुजुत्सूचे वस्ताद पोटासाठी हाडे बसवण्याचे काम करीत. वडिलांच्या ओळखीच्या एका जाणकाराने शिकवायला नकार दिला. वडिलांनाही हे खूळ पसंत नव्हते. तेव्हा या तरुणाने हाडवैद्यांच्या पाट्या शोधायला सुरुवात केली. हाड बसवणाऱ्याला कुस्तीची विद्या येत असणार, असा त्याचा सरळ हिशेब. अशा शोधातूनच १८७७ मध्ये फुकुदा हाचिनोसुके हे गुरू भेटले. त्या वर्षी कानो टोकियोच्या विद्यापीठात दाखल झाले होते. दिवसा कॉलेज, संध्याकाळी आपटून घेणे.

फुकुदांची शिकवण्याची रीत जुनी होती. शिष्याने डाव कसा बसतो असे विचारले, की ते उत्तर म्हणून त्याला पुन्हा उचलून आपटत. शंभरदा आपटल्यावर समजेल, हा विश्वास. अंगभर मलमपट्ट्या लावलेले कानो ते सहन करीत राहिले, पण प्रश्न विचारायचे सोडले नाहीत. त्या काळातला त्यांचा ठिगळे लावलेला, फाटका अंगरखा टोकियोत आजही जपून ठेवला आहे.

याच तालमीत फुकुशिमा नावाचा एक जाडजूड गडी होता. तो कानोंना काही केल्या हार जात नव्हता. कानोंनी आधी सुमोचे डाव वापरून पाहिले, जमले नाही. मग त्यांनी अभ्यासू मुलगा करील तेच केले. ते ग्रंथालयात गेले आणि पाश्चात्य कुस्तीवरची पुस्तके चाळली. त्यात त्यांना प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर आडवे उचलून टाकण्याचा एक डाव सापडला. आपल्या लाल मातीतल्या कलाजंगाच्या जवळचा. मित्रांवर तो घोटून त्यांनी फुकुशिमाला उचलून टाकले. हा डाव ‘काता गुरुमा’ या नावाने ज्युदोत आजही शिकवतात. वस्तादाने दिले तेवढेच पुरे, असे न मानणारा हा विद्यार्थी होता.

पहिले दोन गुरू लागोपाठ वारले. तिसरे गुरू इइकुबो यांच्याकडे शिकताना कानोंना त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा शोध लागला. समोरचा मला जोराने ढकलतो आहे. मीही तितक्याच जोराने उलटा रेटा दिला, तर ज्याचे वजन जास्त तो जिंकणार. पण मी त्याच्या रेट्याबरोबर मागे सरलो, तर त्याचा तोल पुढे जातो. तोल गेलेला माणूस कितीही धिप्पाड असो, त्या क्षणापुरता दुबळा असतो. म्हणजे आधी तोल काढायचा, मग डाव लावायचा. जुने वस्ताद हे हाताने करीत होते. कानोंनी ते शब्दांत मांडले, आणि शब्दांत मांडल्यामुळे ते वर्गात शिकवता येऊ लागले.

१८८२ मध्ये, वयाच्या बाविशीच्या आत, त्यांनी टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत नऊ विद्यार्थी घेऊन आपली शाळा सुरू केली. तिचे नाव कोदोकान. आपटाआपटीने मंदिराची जमीन खचायची आणि ती दुरुस्त करायला गुरुजी स्वतः खाली शिरायचे. त्यांनी जुन्या नावातला ‘जुत्सू’, म्हणजे कसब, हा शब्द काढून ‘दो’, म्हणजे मार्ग, हा शब्द घातला. पण खरा बदल नावात नव्हता, क्रमात होता.

जुन्या तालमींत नवखा मुलगा पहिल्या दिवसापासून आपटला जाई. जो टिकला तो पठ्ठ्या, जो मोडला तो घरी. कानो सरांनी आधी पडायला शिकवले. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, श्वास सोडायचा आणि हात सपाट जमिनीवर आपटायचा. डोके जमिनीला लागता कामा नये. आधी बसून, मग उकिडवे, मग उभ्याने. दुसरे, सांधे मोडणारे आणि जीवघेणे प्रकार त्यांनी खुल्या सरावातून बाहेर काढले आणि ठरलेल्या क्रमाने, संथपणे करायच्या पाठांत ठेवले. तिसरे, जोडीदाराने थाप मारली की त्याच क्षणी सोडायचे. कोपर-गुडघे सोलवटतात हे पाहून पुढे अंगरख्याच्या बाह्या आणि विजारीही लांब केल्या. आपण घालत होतो त्या पांढऱ्या जाड कपड्यामागे एका शिक्षकाने बघितलेली मुलांची खरचटलेली कोपरे आहेत.

काळा पट्टाही १८८०च्या दशकात त्यांच्याच शाळेत सुरू झाला. मुलांना आवडणारे पिवळे, नारिंगी, हिरवे पट्टे मात्र नंतर युरोपातून आले.

एक प्रसंग त्यांच्याबद्दल नेहमी सांगतात. युरोपातल्या शाळा पाहून १८९१ मध्ये बोटीने परत येताना एका धिप्पाड परदेशी प्रवाशाने त्यांच्याशी ताकद आजमावली. कानोंनी त्याला उचलून टाकले, पण टाकताना त्याचे डोके आपटू नये म्हणून आपला हात खाली धरला. बघणाऱ्यांना फेकण्यापेक्षा त्या हाताचे नवल वाटले. मला वाटते, सगळा ज्युदो त्या हातात आहे. समोरच्याला पाडायचे, पण त्याची जबाबदारी आपल्याकडे.

हे सगळे त्यांनी नोकरी सांभाळून केले. कुमामोतोच्या उच्च विद्यालयाचे ते मुख्याध्यापक झाले आणि लाफ्काडिओ हर्न या प्रसिद्ध लेखकाला त्यांनी तिथे इंग्रजीचा शिक्षक म्हणून नेमले. १८९३ पासून टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख म्हणून, मधले खंड वगळता, त्यांनी जवळपास दोन तपे काम केले. जपानभरच्या शाळांचे शिक्षक तिथे तयार होत. तिथे त्यांनी पोहणे, लांब पल्ल्याचे धावणे, मैदानी खेळ रुजवले. चिनी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी काढलेल्या संस्थेत पुढे मोठे झालेले लेखक लू शून शिकले. १९११ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत ज्युदोला शारीरिक शिक्षणात जागा मिळाली.

१९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातले पहिले सदस्य झाले. १९१२ ला स्टॉकहोमला ते जपानचा पहिला संघ घेऊन गेले, त्यात खेळाडू फक्त दोन. त्यातला मॅरेथॉनचा धावपटू कानाकुरी त्यांच्याच विद्यालयाचा विद्यार्थी. उन्हाने तो वाटेत कोसळला आणि शर्यत पुरी करू शकला नाही. पुढे तोच जपानी मॅरेथॉनचा आधारस्तंभ झाला.

मुलींनाही त्यांनी दार उघडले. १८९० च्या दशकातच त्यांनी काही स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली होती. १९२६ मध्ये कोदोकानात स्त्रियांचा स्वतंत्र विभाग झाला. आपल्या पहिल्या गुरूंची, फुकुदांची, नात केइको हिला त्यांनी स्वतः बोलावून घेतले. १९३५ मध्ये तिने शिकायला सुरुवात केली आणि नव्वदी ओलांडल्यावरही अमेरिकेत ती शिकवत होती. २०११ मध्ये तिथल्या संघटनेने तिला दहावी दान दिली. गुरूचे ऋण असेही फेडता येते.

भारताशीही त्यांचा धागा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी १९२९ मध्ये ताकागाकी या कोदोकानच्या शिक्षकाला शांतिनिकेतनात आणले. तिकडे ब्राझीलमध्ये त्यांचा दुसरा एक शिष्य, माएदा, जे शिकवून गेला त्यातून आजचे ब्राझिलियन जुजुत्सू उभे राहिले, जे आता आपल्या शहरांतल्या जिममध्ये शिकवतात.

१९४० चे ऑलिंपिक टोकियोला मिळावे म्हणून सत्तरी ओलांडलेले कानो सर जगभर फिरले. १९३८ च्या कैरोच्या बैठकीनंतर घरी परतत असताना, योकोहामा दोन दिवसांवर असताना, ४ मे रोजी हिकावा मारू या बोटीवर न्यूमोनियाने ते गेले. वय सत्त्याहत्तर. त्याच वर्षी युद्धामुळे जपानने ते ऑलिंपिक सोडून दिले. ती बोट मात्र युद्धातून वाचली आणि आज योकोहामाच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून उभी आहे. टोकियोत ऑलिंपिक आले ते १९६४ मध्ये, आणि ज्युदो पहिल्यांदा तिथेच खेळला गेला.

इथे थांबलो असतो तर ही एक सुरेख चरित्रकथा झाली असती. पण पुढचे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १९८३ नंतरच्या साधारण तीन दशकांत खुद्द जपानच्या शाळांत ज्युदो करताना शंभरहून अधिक मुले दगावली. त्यांतली बरीच पहिल्या वर्षाची, नवशिकी. आणि मुख्य कारण डोक्याला मार. पडायला नीट येण्याआधीच त्यांना आपटले गेले. म्हणजे कानो सरांनी जो क्रम आयुष्यभर जपला, तोच त्यांच्या देशातल्या शाळांनी घाईत मोडला. पालकांनी आणि अभ्यासकांनी आवाज उठवल्यावर नियम कडक झाले. २०२२ मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना वजन उतरवायला लावणे, बाजूला उभे राहून ओरडणारे पालक आणि प्रशिक्षक, हे कारण होते.

मी आठवीत ज्युदो शिकलो, दहावीला सोडला आणि चाळिशीनंतर मुलीबरोबर पुन्हा मॅटवर उतरलो. त्यामुळे दोन्ही वयांत पडणे काय असते ते मला ठाऊक आहे. मूल पडते आणि हसत उठते. त्याला धोका कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी तो दुसऱ्याने ओळखावा लागतो. मोठ्या माणसाला धोका कळतो, पण पडण्याची लाज वाटते. तो अंग ताठ करतो आणि त्यानेच लागते. आमच्या वर्गात पन्नाशीचे एक बँक अधिकारी आहेत. दोन महिने ते फक्त पडत होते. आज नवीन मुलांना पहिला धडा तेच देतात, कारण त्यांच्याइतक्या सावकाश कुणाला शिकवता येत नाही.

आता आपल्या शाळेविषयी. या मेळाव्यात माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून शाळेला कुस्ती आणि ज्युदोसाठी मॅट द्याव्यात अशी सूचना आली आहे. माझा तिला पाठिंबा आहे आणि माझा वाटाही देईन. पण देणगीच्या पत्रात तीन अटी लिहून द्याव्यात असे मला वाटते. पहिली, मॅटच्या खर्चाबरोबर प्रशिक्षित शिक्षकाचे निदान तीन वर्षांचे मानधन बाजूला काढावे. मॅट आहे आणि शिकवणारा नाही, ही सर्वांत धोक्याची स्थिती. दुसरी, पहिले काही महिने फक्त पडण्याचा सराव, आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुन्हा मॅटवर घेऊ नये. तिसरी, सातवीपर्यंत कुणालाही पदकासाठी पाठवू नये.

काहींना हे फार सावध वाटेल. आपल्या वेळी कुठे होते हे सगळे, असेही कुणी म्हणेल. पण कानो सर त्यांच्या वेळी जे नव्हते तेच घडवत होते. त्यांच्या शाळेतून पुढे ऑलिंपिक पदके आली, काळे पट्टे आले, जगभर लाखो मुले आली. सुरुवात झाली ती नऊ विद्यार्थी, बारा चटया आणि पडणाऱ्याच्या डोक्याखाली हात धरणाऱ्या एका शिक्षकापासून. मॅट आपण वर्गणी काढून घेऊ. तसा शिक्षक शोधायला मात्र सगळ्यांनी मिळून थोडे फिरावे लागेल. ज्यांच्या माहितीत कुणी असेल त्यांनी मेळाव्याच्या दिवशी मला जरूर गाठावे.