बॅरन लारे : रणांगणावरील रुग्णगाडीचा जनक

रुग्णगाडी भोंगा वाजवीत येऊं लागली कीं रस्त्यावरील लहानमोठीं वाहनें बाजूस होऊन तिला वाट देतात. आंत निजलेला मनुष्य श्रीमंत आहे कीं दरिद्री, हें कोणी विचारीत नाहीं. ही रीत आपणांस इतकी स्वाभाविक वाटते, कीं ती कोणी तरी प्रथम घालून दिली असेल हें मनांतही येत नाहीं. ह्या रीतीचें पुष्कळसें श्रेय ज्याकडे जातें, त्या दोमिनिक जां लारे नामक फ्रेंच शस्त्रवैद्याचें चरित्र आम्ही विद्यार्थी वाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों.

लारेचा जन्म ८ जुलै १७६६ रोजीं, फ्रान्सच्या दक्षिणेस पिरेनीज पर्वतांतील बोदेआं नांवाच्या खेड्यांत झाला. बाप जोडे शिवून पोट भरी. तेराव्या वर्षीं मुलगा पोरका झाला, तेव्हां तूलूझ येथें मुख्य शस्त्रवैद्य असलेल्या आलेक्सी ह्या चुलत्यानें त्यास जवळ केलें व आपली विद्या शिकविली. पुढें तो पॅरिसला गेला, १७८७ सालीं आरमारांत शिरून न्यूफाउंडलंडपर्यंत सफर करून आला, आणि देसो ह्या नामांकित शस्त्रवैद्याजवळ त्यानें अधिक शिक्षण घेतलें. १७९२ सालीं युद्ध सुरू झालें व तो ऱ्हाइन नदीवरील फौजेंत दाखल झाला.

त्या काळची लष्करी पद्धति ऐकून अंगावर कांटा उभा राहतो. जखमींवर उपचार करणारें पथक सैन्याच्या मागें अडीच-तीन मैलांवर ठेवावें, असा नियम होता. लढाई संपेपर्यंत जखमी शिपायांनीं जेथें पडले तेथेंच पडून राहावयाचें; मग अवजड गाड्या येऊन त्यांना उचलीत. ह्यांत चोवीस-चोवीस तास, केव्हां केव्हां त्याहूनही अधिक वेळ जाई, व तोंवर अनेकजण रक्तस्रावानें प्राणास मुकत. लारेच्या डोळ्यांसमोर त्याच रणांगणावर घोड्यांच्या हलक्या तोफा वाऱ्यासारख्या इकडून तिकडे जात होत्या. मनुष्य मारण्याचें साधन जर इतक्या वेगानें धांवूं शकतें, तर मनुष्य वांचविण्याचें साधन मागें कां रेंगाळावें, हा विचार त्याच्या मनानें घेतला, आणि त्यांतून त्याचीं ‘उडतीं पथकें’ जन्मास आलीं.

त्याच्या गाड्या हलक्या, वरून झांकलेल्या व स्प्रिंगांवर बसविलेल्या असत. दोन चाकांच्या गाडींत दोन जखमी निजत, चार चाकांच्या गाडींत चार. आंत गादी असे व हवेसाठीं लहान खिडक्या असत. १७९७ सालीं इटलींत त्यानें ३४० माणसांचें दळ उभें केलें. त्याच्या तीन तुकड्या होत्या, व प्रत्येक तुकडीस १२ हलक्या व ४ जड गाड्या दिल्या होत्या. ईजिप्तच्या मोहिमेंत (१७९८) वाळवंटांत गाड्या चालेनात, तेव्हां त्यानें उंटाच्या दोन्ही अंगांस पेट्या टांगून त्यांत जखमींना निजविलें!

परंतु गाडीपेक्षांही मोठी गोष्ट म्हणजे त्याचा क्रम. प्रथम कोणास हात लावावयाचा? सरदारास कीं शिपायास? स्वकीयास कीं शत्रूस? लारेनें ठरविलें, कीं ज्याची जखम अधिक भयंकर त्यास प्रथम पाहावें. हुद्दा व राष्ट्र ह्यांचा विचार करूं नये. जेथें मानापमानावरून तरवारी उपसल्या जात, तेथें हा नियम चालविणें सोपें नव्हतें.

१८०९ सालीं डॅन्यूब नदींतील लोबाऊ बेटावर हजारों जखमी अडकले. अन्न संपलें. तेव्हां लारेनें घोडे मारविले, घोडेस्वारांच्या छातीवरील चिलखतांचीं पातेलीं करून त्यांत मांसाचा रस्सा शिजविला, व मीठ नाहीं म्हणून बंदुकीची दारू घातली. त्याच वर्षीं त्याला बॅरन ही पदवी मिळाली. पुढें १८१२ सालीं रशियांत बोरोदिनोच्या लढाईनंतर त्यानें एका अहोरात्रांत सुमारें दोनशें शस्त्रक्रिया करून हातपाय कापले. गुंगीचें औषध तेव्हां नव्हतें, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. परततांना बेरेझिना नदीच्या पुलावर एवढी चेंगराचेंगरी झाली कीं तेथें पडलेला मनुष्य पुनः उठत नसे. परंतु लारेला ओळखतांच शिपायांनीं त्यास डोक्यांवरून हातोहात पैलतीरीं पोंचविलें.

आमच्या मतें त्याच्या धैर्याची खरी कसोटी १८१३ सालीं लागली. सॅक्सनींतील लढायांनंतर पुष्कळ तरुण रंगरुटांच्या हातांस व बोटांस जखमा आढळल्या. ह्यांनीं लढाई चुकविण्यासाठीं स्वतःच गोळ्या झाडून घेतल्या असा संशय वरिष्ठांनीं घेतला, आणि नेपोलियननें कांहींना देहांत शासन द्यावयाचें मनांत आणलें. चौकशी लारेकडे आली. सम्राटास काय ऐकावयाचें आहे हें उघड होतें. लारेनें दोन हजारांहून अधिक पोरांच्या जखमा तपासविल्या व निर्भयपणें निर्णय दिला, कीं सर्व निर्दोष आहेत. नवशिके शिपाई पुढच्या रांगेवरून बंदुका झाडीत, त्यामुळें पुढच्यांचे हात जायबंदी होत. शिवाय टेकडी चढतांना हातच प्रथम शत्रूच्या माऱ्यांत येत. नेपोलियन प्रथम रागावला, पण नंतर त्यानें लारेला बक्षीस व पेन्शन दिलें. किती मातांचीं लेंकरें ह्या एका कागदानें वांचलीं!

ज्या सम्राटाच्या महत्त्वाकांक्षेनें हीं सारीं रणांगणें रक्तानें भिजलीं, त्याचीच लारेनें अखेरपर्यंत चाकरी केली, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. मात्र त्याची खरी निष्ठा जखमींवर होती, असें आम्हांस वाटतें.

वॉटर्लूच्या लढाईंत (१८१५) तो घायाळ होऊन प्रशियन सैन्याच्या हातीं सांपडला. त्यास गोळी घालण्याचा हुकूम झाला. पण एका प्रशियन वैद्यानें त्यास ओळखलें व शिक्षा थांबविली. सेनापति ब्लूखरच्या मुलाचे प्राण पूर्वीं लारेनेंच वांचविले होते. ब्लूखरनें त्याची सुटका केली.

१८२१ सालीं सेंट हेलेना बेटावर मरणाऱ्या नेपोलियननें मृत्युपत्रांत लारेला एक लाख फ्रँक ठेवले व आपण पाहिलेला सर्वांत सद्गुणी मनुष्य म्हणून त्याचा गौरव केला. लारे मात्र पुढेंही काम करीतच राहिला. १८४२ सालीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, तो अल्जीरियांतील लष्करी रुग्णालयें तपासून परत येत असतां वाटेंत लियों शहरीं २५ जुलै रोजीं मरण पावला. तीनच दिवसांपूर्वीं त्याची पत्नी शार्लोट पॅरिसजवळ निवर्तली होती. त्याचें दफन पॅरिसमधील पेर लाशेझ दफनभूमींत झालें, आणि दीडशें वर्षांनीं, १९९२ सालीं, त्याचे अवशेष तेथून लेझँव्हालीद येथें नेण्यांत आले. जखमी व म्हाताऱ्या शिपायांसाठीं बांधलेली ही इमारत. नेपोलियनची समाधिही तेथेंच आहे.