फादर जेरोम झेवियर व असीरगडचा वेढा

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत एखाद्या संताचें चरित्र असावें असा आपल्याकडे प्रघात आहे. यंदा मीं ज्या पुरुषाचें चरित्र लिहावयास घेतलें आहे त्यांस पवित्र सभेनें वेदीवर स्थान दिलेलें नाहीं. तरीहि ही निवड मीं जाणूनबुजून केली आहे. मलकापुराहून सकाळीं निघालेला मनुष्य दुपारच्या आंत बऱ्हाणपुरास पोहोंचतो, आणि तेथून असीरगड फार दूर नाहीं. सुमारें सवाचारशें वर्षांपूर्वीं त्या मुलखांत पडलेल्या मोंगल छावणींत एक कॅथलिक धर्मगुरु राहात होते. तेथें त्यांच्यावर जो प्रसंग आला त्याचा विचार आपण, म्हणजे हिंदु व मुसलमान शेजाऱ्यांमध्यें मूठभर असलेल्या ख्रिस्ती लोकांनीं, अवश्य करावा असें मला वाटतें. त्यांचें नांव फादर जेरोम झेवियर, येशूसंघी.

नांव ऐकतांच वाचकांस गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरांची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. जेरोम हे त्या संतांच्या बहिणीचे नातू. स्पेनमधील नव्हार प्रांतांत इ. स. १५४९ मध्यें त्यांचा जन्म झाला. १५६८ मध्यें ते येशूसंघांत दाखल झाले व १५८१ मध्यें हिंदुस्थानास यावयास निघाले. वसई, कोचीन व गोवें येथें त्यांनीं अधिकाराच्या जागा सांभाळल्या. वसईचें नांव मुद्दाम घेतों. कारण पुढें जे बादशहासमोर फारसींत बोलणार होते, त्यांचे या देशांतील आरंभींचे कांहीं दिवस आपल्याच मराठी मुलखांत गेले.

अकबर बादशहानें १५७५ मध्यें फत्तेपूर शिक्रीस इबादतखाना बांधला व तेथें निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांचे वाद ऐकूं लागला, ही गोष्ट शाळेंत सर्वांनीं वाचलेली असते. त्यानें गोव्याहून पाद्री मागविले. १५८० मध्यें फादर रुदोल्फ अक्वाविव्हा व त्यांचे सोबती तेथें गेले. १५८३ मध्यें ते परतले आणि त्याच वर्षीं २५ जुलै रोजीं कुंकळ्ळीस त्यांस रक्तसाक्ष्य घडलें. दुसरी मंडळी १५९१ मध्यें गेली ती लवकरच परत आली. तिसऱ्या खेपेस फादर जेरोम यांची निवड झाली. त्यांच्याबरोबर फादर मानुएल पिन्हेरो व ब्रदर बेंतो द गोईस हे दोघे होते. १५९४ च्या डिसेंबरांत गोवें सोडून ५ मे १५९५ रोजीं ते लाहोरास पोहोंचले.

त्या वेळीं फादर जेरोम यांचें वय पंचेचाळीस उलटून गेलें होतें. त्या वयांत फारसीसारखी भाषा मुळाक्षरांपासून शिकणें म्हणजे काय, हें ज्यांनीं पन्नाशीच्या आसपास एखादी नवी भाषा शिकण्याचा यत्न केला असेल त्यांस सांगावयास नको. मी स्वतः उर्दूचीं अक्षरें गिरवून पाहिलीं आहेत आणि दोनदां सोडून दिलीं आहेत. फादर जेरोम यांनीं सोडलीं नाहींत. त्यांनीं फारसींत पुढें ग्रंथ लिहिले, आणि त्या कामीं त्यांस साहाय्य करणारा लाहोरचा अब्दुस सत्तार हा मुसलमान विद्वान होता. त्यानें फादरांस फारसी लेखनांत मदत केली, स्वतः लॅटिन शिकून घेतली, आणि दोघेहि आपापल्या धर्मावर ठाम राहिले.

दरबारांतील पाद्र्यांची आशा मोठी होती. बादशहा ख्रिस्ती होईल, आणि राजा झाला म्हणजे राज्य होईल, असा हिशेब युरोपांत मांडलेला होता. रोमच्या कॉन्स्टंटाईनची कथा सर्वांच्या डोळ्यांपुढें होती. हा हिशेब चुकला, आणि माझ्या मतें तो चुकला हें बरेंच झालें. अकबर येशूच्या व धन्य कुमारी मरियेच्या चित्रांस आदरानें मस्तक लववी, पाद्र्यांना जवळ बसवी. परंतु तो सर्वांचें ऐके व कोणा एकाचा होत नसे. फादर जेरोम यांच्या वांट्यास जो खरा कळप आला तो राजवाड्याबाहेरचा होता. अर्मेनियन व्यापारी, पोर्तुगीज बंदिवान, पोटासाठीं मोंगलांच्या तोफखान्यांत चाकरी धरलेले फिरंगी, त्यांच्या देशी बायका व मुलें, असे घरदार सोडून आलेले लोक लाहोर व आग्रा येथें विखुरलेले होते. आजहि कामधंद्यासाठीं आपलीं मुलें पुण्यास, सुरतेस, मुंबईस जातात, आणि तेथें प्रथम देवमंदिर शोधतात. त्या काळच्या या परदेशस्थांस देवमंदिर मिळालें तें १५९७ मध्यें लाहोरास, बादशहाच्या परवानगीनें. त्याच वर्षीं फादर जेरोम व ब्रदर बेंतो अकबराबरोबर काश्मीरांत होते. तेथें मोठा दुष्काळ पडला होता आणि आईबाप पोटचीं पोरें विकीत होते. फादर तेथें तापानें बरेच दिवस अंथरुणास खिळले, तेव्हां बादशहानें त्यांची जातीनें विचारपूस केली.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. १५९६ मध्यें अहमदनगरच्या चांदबिबीनें तह करून वऱ्हाड मोंगलांस दिलें, आणि आजच्या बुलढाणा जिल्ह्याची भूमि बादशाही अमलाखालीं जाऊं लागली. शाहजादा मुराद, ज्यास लहानपणीं फादर मोन्सेरात यांनीं शिकविलें होतें, तो बाळापुराजवळ शहापूर वसवून राहिला व १५९९ मध्यें वऱ्हाडांतच मरण पावला. सिंदखेडास लखुजी जाधवांच्या घरीं जिजाबाईंचा जन्म झाला तोहि याच सुमारास, १५९८ मध्यें. मुराद गेल्यावर अकबर स्वतः दक्षिणेस उतरला, आणि फादर जेरोम व ब्रदर बेंतो त्याच्याबरोबर आले. १६०० मध्यें बऱ्हाणपूर बादशहाच्या हातीं आलें. खानदेशचा फारुकी सुलतान मीरान बहादूर असीरगडावर जाऊन बसला आणि वेढा सुरू झाला.

तो गड मीं पाहिला आहे. सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर कडे तासून उभा केलेला, आंत पाण्याचीं तळीं असलेला असा तो आहे. तो लढून घेतां येईल असें वर चढणाऱ्यास मुळींच वाटत नाहीं. महिन्यांमागून महिने गेले. येशूसंघी पत्रांवरून फ्रेंच इतिहासकार द्यू जारिक यांनीं जी हकीकत लिहून ठेवली आहे तिच्याप्रमाणें, अकबरानें आपल्या मस्तकाची शपथ घेऊन मीरान बहादुरास भेटीस बोलाविलें. तो गड उतरून आला, आणि त्यास परत जाऊं दिलें नाहीं. तरी गड पडला नाहीं. तेव्हां बादशहानें फादर जेरोम यांस बोलाविलें व चौलच्या पोर्तुगीजांकडून मोठ्या तोफा व दारूगोळा मिळावा म्हणून पत्र लिहिण्यास सांगितलें.

वाचकांनीं क्षणभर त्यांच्या जागीं उभें राहून पाहावें. ज्यानें देवमंदिर बांधूं दिलें, ज्याच्या खजिन्यांतून अन्न चालतें, ज्याच्या एका शब्दावर उत्तर हिंदुस्थानांतील सगळ्या ख्रिस्ती लोकांचें बरेंवाईट अवलंबून आहे, तो राजा समोर आहे. मागणीहि केवळ एका पत्राची आहे. फादर जेरोम यांनीं नकार दिला. असें करणें आपल्या धर्माविरुद्ध आहे, असें त्यांनीं बादशहास सांगितलें. अकबर इतका संतापला कीं पाद्र्यांनीं आपल्या दृष्टीस पडूं नये, गोव्यास चालतें व्हावें, असा त्यानें हुकूम दिला. ते निघण्याच्या तयारीस लागले. परंतु दरबारांतील एका स्नेह्यानें त्यांस थांबण्याचा सल्ला दिला, आणि कांहीं दिवसांनीं बादशहाचा राग निवळला.

या प्रसंगाविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि ते लपवून ठेवणें मला प्रशस्त वाटत नाहीं. मोंगल बखरकार गड पडण्याचें कारण आंत पसरलेली रोगराई हें देतात व शपथभंगाची गोष्ट सांगत नाहींत. शिवाय खानदेशचा सुलतान हा पोर्तुगीजांचा मित्र होता. तेव्हां फादरांनीं धर्माचें नांव सांगून आपल्या राजाचें राजकारण सांभाळलें, असें म्हणणारेहि आहेत. माझें मत असें कीं, दोन्ही कारणें त्यांच्या मनांत असणें शक्य आहे, आणि त्या काळच्या पाद्र्यास तीं वेगळीं करून दाखवितां आलीं नसतीं. परंतु ज्याच्या आश्रयानें राहावयाचें त्याच्या सर्व हुकुमांस होकार द्यावाच लागतो असें नाहीं, एवढें त्या नकारांत आहे. आणि तो नकार देणारा मनुष्य छावणी सोडून पळाला नाहीं, हेंहि त्यांतच आहे.

१६०१ च्या जानेवारींत गड बादशहाच्या स्वाधीन झाला. मीरान बहादुराची रवानगी कैदी म्हणून ग्वाल्हेरीस झाली. गडावर सांपडलेल्यांत सात पोर्तुगीज सरदार होते. त्यांनीं पूर्वीं इस्लाम स्वीकारला होता. त्यांना व त्यांच्याबरोबरच्या ख्रिस्ती लोकांना फादर जेरोम यांनीं मागून घेतलें, आणि बादशहानें ते दिले. हे लोक पुनः ख्रिस्तसभेंत आले. धर्म बदलण्यांत भीति किती आणि विश्वास किती, हें त्यांचें त्यांना ठाऊक. ब्रदर बेंतो अकबराच्या वकिलाबरोबर गोव्यास गेले. पुढें तेच मध्य आशिया ओलांडून पायवाटेनें चीनच्या सीमेपर्यंत गेले व तेथें १६०७ मध्यें वारले.

बऱ्हाणपुरास जाणाऱ्यांनीं तेथील जुम्मा मशीद अवश्य पाहावी. फारुकी राजांनीं बांधलेल्या त्या मशिदींत अरबी लेखाजवळच एक संस्कृत लेख कोरलेला आहे, आणि अकबराच्या स्वारीचा फारसी लेखहि आहे. असीरगडावरहि मशीद व महादेवाचें मंदिर एकाच तटाच्या आंत आहेत. फादर जेरोम यांनीं असा मुलूख पाहिला, पण त्यांच्या लिखाणांत हिंदु धर्मासंबंधीं फारसा जिव्हाळा आढळत नाहीं. त्यांचें सगळें लक्ष मुसलमानांशीं चाललेल्या संवादाकडे होतें. ही उणीव आहे.

आग्र्यास परतल्यावर अकबरानें आपल्या प्रजेपैकीं ज्यास ख्रिस्ती व्हावयाचें असेल त्यास अडथळा करूं नये असें लेखी फर्मान दिलें. फादर जेरोम यांनीं १६०२ मध्यें प्रभु येशूचें चरित्र फारसींत लिहून बादशहास अर्पण केलें. त्याचें नांव ‘मिरातुल कुद्स’. १६०५ मध्यें अकबर वारला व जहांगीर गादीवर आला. त्याच्यासाठीं फादरांनीं १६०९ मध्यें दोन ग्रंथ पुरे केले. ‘आईना-इ-हक्कनुमा’ या ग्रंथांत एक पाद्री, एक मुल्ला व एक तत्त्ववेत्ता यांचा संवाद आहे. त्यांत इस्लामवर टीका आहे, आणि ती कोठें कोठें कठोर आहे. दुसरा ग्रंथ ‘आदाबुस सल्तनत’. राजानें ईश्वराशीं, स्वतःशीं, आपल्या अधिकाऱ्यांशीं आणि प्रजेशीं कसें वागावें हें त्यांत सांगितलें आहे. मला पहिल्यापेक्षां हा दुसरा ग्रंथ अधिक मोलाचा वाटतो. राजा ख्रिस्ती होणार नाहीं हें कळून चुकल्यावरहि, त्यानें न्यायानें राज्य करावें म्हणून पाद्र्यानें लेखणी उचलली. ‘आईना’च्या संक्षेपास इस्फहानच्या एका विद्वानानें पुढें फारसींत सडेतोड उत्तर लिहिलें, आणि रोममध्यें त्या उत्तरास लॅटिनमध्यें उत्तर देण्यांत आलें. म्हणजे आग्र्यांतील वाद फादरांच्या पश्चात् दोन खंडांत चालू राहिला.

१६१० मध्यें जहांगिरानें आपल्या तीन पुतण्यांस, मृत शाहजादा दानियालच्या मुलांस, आग्र्यांत थाटामाटानें बाप्तिस्मा देवविला. गोव्यास आनंदोत्सव झाले. थोड्याच वर्षांत तीं मुलें परत इस्लामकडे गेलीं. राजाज्ञेनें आलेला विश्वास राजाज्ञेनेंच गेला. त्यावर अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

१६१३ मध्यें मात्र फार वाईट गोष्ट घडली. सुरतेजवळ पोर्तुगीजांनीं ‘रहीमी’ नांवाचें जहाज पकडलें. तें बादशहाच्या आईचें होतें आणि त्यांत मक्केचे यात्रेकरू होते. जहांगिरानें दमणला वेढा घातला, आग्र्याचें देवमंदिर बंद केलें, पाद्र्यांचें वेतन तोडलें. समुद्रावर ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं यात्रेकरूंस लुटलें आणि त्याची शिक्षा आग्र्यांतील गरीब ख्रिस्ती कुटुंबांस भोगावी लागली. येथें फादरांचाहि दोष सांगितला पाहिजे. गेलीं कांहीं वर्षें ते दरबारांत पोर्तुगालचा पक्ष धरून इंग्रजांविरुद्ध खटपट करीत होते. धर्मगुरु व वकील अशीं दोन कामें एका झग्यांत घातलीं म्हणजे लोकांस तीं वेगळीं दिसत नाहींत. तरी हेंहि खरें कीं, तह घडवून आणण्याच्या कामीं वृद्ध फादर जेरोम यांचाच उपयोग झाला. १६१५ मध्यें तह झाला.

आग्र्यास मात्र ते पुनः गेले नाहींत. वीस वर्षें उत्तरेस काढून ते गोव्यास राहिले. क्रांगनोरचे सहायक आर्चबिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. तें पद स्वीकारण्यापूर्वींच, १६१७ च्या जून महिन्यांत, गोव्यास त्यांच्या खोलींत आग लागली व तींत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय अडुसष्टाच्या घरांत होतें. आग्र्यांत अर्मेनियन व फिरंगी कुटुंबांचा लहानसा कळप होता. त्याची काळजी दुसरे येशूसंघी फादर वाहात होते.