विश्लेषण : विसरलेला पाना आणि बेसी कोलमन यांचा मृत्यू… १९२६ मध्ये नेमके काय घडले?

विमानाची दुरुस्ती झाली की प्रत्येक हत्यार मोजून पेटीत परत ठेवले जाते. एक पाना कमी भरला, तरी विमान सोडले जात नाही. ही शिस्त नव्हती त्या काळात बेसी कोलमन उडत होत्या.

कोण होत्या बेसी?

जन्म २६ जानेवारी १८९२, टेक्सास. बालपण कापूस वेचण्यात गेले. १९१५ मध्ये त्या शिकागोला भावांकडे आल्या आणि केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे नीटनेटकी करण्याचे काम करू लागल्या. विमान शिकायचे तर कृष्णवर्णीय, त्यात बाई. अमेरिकेतील शाळांनी दारे लावून घेतली. ‘शिकागो डिफेंडर’चे रॉबर्ट अ‍ॅबट यांनी फ्रान्सचा मार्ग सुचवला. बेसी फ्रेंच शिकल्या, १९२० मध्ये गेल्या आणि १५ जून १९२१ रोजी वैमानिकाचा परवाना घेऊनच थांबल्या. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला.

जुनी विमाने, जुनी इंजिने

मायदेशी त्या हवाई कसरती करत. नवे विमान परवडणारे नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेली ‘कर्टिस जेनी’ विमाने तेवढी स्वस्त मिळत. फेब्रुवारी १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात उड्डाण करताच इंजिन बंद पडले. पाय मोडला, बरगड्याही. तरी त्या पुन्हा उडाल्या.

शेवटचे उड्डाण

१९२६ मध्ये त्यांनी आणखी एक जुनी जेनी घेतली. मेकॅनिक विल्यम विल्स यांनी ती टेक्सासहून फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलला आणली. वाटेत इंजिनाच्या कुरबुरींमुळे अनेकदा उतरावे लागले. ३० एप्रिलला विल्स विमान चालवत होते. पॅराशूट उडीची जागा वाकून पाहता यावी म्हणून बेसींनी पट्टा बांधला नव्हता. सुमारे दहा मिनिटांनी विमानाने अचानक सूर मारला, ते गिरक्या घेऊ लागले. बेसी बाहेर फेकल्या गेल्या. वय अवघे ३४. विल्सही वाचले नाहीत.

अवशेषांत कारण सापडले. इंजिनाच्या कामाचा पाना नियंत्रण यंत्रणेत अडकला होता. त्या विमानांत वैमानिकाच्या हातातील दांडी तारांनी पंख आणि शेपटीला जोडलेली असे. ही जोडणी अडली की विमान हाताबाहेर जाते.

आज धोका संपला आहे?

नाही. जेट इंजिनात राहिलेली वस्तू पाती मोडू शकते. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजलिसला तपासणीनंतर क्वांटासच्या ए३८० विमानाच्या इंजिनात सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे हत्यार राहिले. ते सापडेपर्यंत ३४ उड्डाणे झाली होती! सुदैवाने अपघात झाला नाही.

बेसींना कृष्णवर्णीयांसाठी उड्डाणशाळा काढायची होती. ते राहून गेले. १९२९ मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजलिसमध्ये त्यांच्या नावाने एअरो क्लब सुरू केला.